न दिलेलं उत्तर

"आज्ञां प्रत्याहरतु!" बाळू मुद्गल फाटकाशेजारच्या कट्ट्यावर चढून ओरडला. आज्ञा मागे घ्या, असा त्याचा अर्थ. करंजघाटच्या चिद्घन विद्यापीठात घोषणासुद्धा संस्कृतातच द्यायची, एवढी शिस्त आम्ही मोर्चातही पाळत होतो.

"प्रत्याहरतु! प्रत्याहरतु!" आम्ही खालून साथ दिली. म्हणजे निम्म्यांनी दिली. उरलेले निम्मे "प्रत्याहरन्तु!" असं ओरडत होते.

बाळूनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "एकवचन म्हणा रे! आज्ञा मंडळानं काढलीय. मंडळ एकच आहे."

"मंडळ एक असलं तरी विश्वस्त पुष्कळ आहेत," मागून कोणीतरी म्हणालं. "बहुवचनच हवं."

"शिवाय आदरार्थी बहुवचन वेगळंच."

"आदर कसला डोंबलाचा? मोर्चा काढलाय आपण!"

झालं. दोन्ही बाजूंनी व्याकरणाची सूत्रं भिरकावली जाऊ लागली. मोर्चा होता तिथेच कडुनिंबाखाली बसला आणि धोतरं सावरून निर्णयाला लागला. निर्णय काही लागेना. शेवटी पहारेकरी दौलू फाटकाला कुलूप घालून आमच्याजवळ आला.

"अवो पंडितांनो, जेवनाची घंटा झाली. भात निवतोय," तो म्हणाला.

आम्ही उठून जेवायला गेलो. विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला मोर्चा असा पार पडला.

ज्यांच्यासाठी तो काढला होता त्यांपैकी एक, इंदुमती गुरव, विहिरीच्या कठड्याशी उभी राहून सगळं पाहत होती. मी तिच्यासमोरून गेलो तेव्हा तिनं तोंडावर पदर धरला होता. मला आधी वाटलं रडते आहे. बघतो तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

"तुमच्या हातून काही व्हायचं नाही, वामन," ती म्हणाली. "आधी वचन ठरवा बाबांनो, मग मला वाचवा."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आमचं विद्यापीठ म्हणजे कृष्णाकाठच्या संस्थानाचंच एक अंग होतं. पहाटे नदीवर स्नान, मग संध्या, मग वर्ग. डोक्यावर शेंडी हवी, अंगावर उपरणं हवं. वाचनालयात वर्तमानपत्र यायचं, पण सिनेमाचं पान कापून. अशा ठिकाणी मुली आल्या त्या सरकारी अनुदानाच्या अटीमुळे. वर्गात त्यांच्यासाठी चिकाचा पडदा लावला होता आणि त्यांनी पडद्याआडून शिकायचं असं ठरलं होतं. बाकीच्या मुली साहित्य नाहीतर ज्योतिष शिकत. न्यायशास्त्राला, म्हणजे वादविवादाच्या आणि तर्काच्या शास्त्राला, एकटी इंदुमती होती. तिचे वडील संस्थानाच्या देवळात सनई वाजवायचे. पडदा असल्यामुळे वर्गात तिचं तोंड कधी दिसायचं नाही, पण पडद्याआडून प्रश्न आला की आम्हा पोरांच्या माना खाली जायच्या. कारण उत्तर आमच्याकडे नसायचं.

विश्वस्तांची नवी आज्ञा अशी होती की दसऱ्यापासून मुलींना शास्त्रांचे वर्ग बंद. त्यांच्यासाठी गृहधर्माचा वेगळा वर्ग निघणार होता. त्यात व्रतं, स्तोत्रं आणि रांगोळी. संस्थानचे कार्यवाह हर्डीकर पेशानं वकील होते. उद्या सरकारनं विचारलं तर हातात काहीतरी असावं, म्हणून त्यांनी शक्कल लढवली. दर वर्षी भाद्रपदात आमच्याकडे वादसभा भरायची. यंदा सभेला विषय दिला, स्त्रीला शास्त्र शिकण्याचा अधिकार आहे की नाही. नाही असं सभेत सिद्ध झालं की आज्ञेवर शास्त्राची मोहोर उठली.

सभेत दोन बाजू असतात. जी बाजू खोडून काढायची ती पूर्वपक्ष आणि जी राखायची तो सिद्धान्त. पूर्वपक्ष मांडायला हर्डीकरांनी मुद्दाम इंदुमतीचं नाव घातलं. तिच्याच तोंडून हार झाली की तक्रारीला जागा राहत नाही. आणि सिद्धान्त राखायला नाव होतं वामन धुपकर. म्हणजे मी.

मला नाही म्हणता आलं नाही. आमचे गुरुजी, कवठेकरशास्त्री, वर्षअखेर निवृत्त व्हायचे होते. न्यायशास्त्राची त्यांची जागा मला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. 'सभा जिंक आणि कामाला लाग', असं हर्डीकरांनी मला कार्यालयात बोलावून सांगितलं होतं. कोकणात माझे वडील गुडघे धरून डोंगरातल्या वाड्यावस्त्या चढत होते, सत्यनारायण सांगत होते. मुलगा अध्यापक होणार हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. मी मोर्चात घोषणा देत होतो खरा, पण एकवचनात की बहुवचनात देत होतो हे आज विचारलं तर मला सांगता यायचं नाही. ओठच हलवत असेन.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजींनी मला घरी बोलावलं.

गुरुजींचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत होतं. ओसरीवर ते भिंतीला टेकून बसले होते. पलीकडे उंबऱ्याजवळ काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांनी ताक पाजलं, तापात काढे दिले, पण शब्द मात्र मोजकेच. हो, नाही, आणि 'बस, वाढते'. गुरुजी विद्येबद्दल बोलू लागले की त्या तिथे नसल्यासारख्या व्हायच्या. आम्हाला वाटायचं त्यांना त्यातलं काही कळत नसेल.

"इंदुमती काय मांडेल असं वाटतं तुला?" गुरुजींनी विचारलं.

मी दोन-चार नेहमीचे मुद्दे सांगितले. गुरुजींनी मान हलवली.

"हे सगळं ती सुरुवातीला बोलेल. तुला दमवायला. शेवटी मात्र ती एका ठिकाणी येऊन उभी राहील. येणारं माणूस तिथेच येतं." ते जरा थांबले. "तिथे ती उभी राहिली की तुझ्याजवळची सगळी पुस्तकं निरुपयोगी आहेत. तिथे एकच उत्तर चालतं. ते कुठल्या ग्रंथात नाही. माझ्या गुरूंनी मला तोंडी दिलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. आता तू घे."

ते सांगू लागले तसा सुपाचा आवाज थांबला. काकू उठल्या. अर्धे तांदूळ निवडलेले, अर्धे तसेच, सूप तिथेच ठेवून त्या आत गेल्या. मी पाहिलं, पण माझं लक्ष उत्तरात होतं.

उत्तर लहानसं होतं. दोन-तीन वाक्यांचं. कुलपाला किल्ली बसावी तसं ते बसत होतं. त्यापुढे कोणी काही बोलूच शकलं नसतं. गुरुजींनी ते माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि चूक नाही म्हटल्यावर म्हणाले, "जा आता."

मी निघालो. चप्पल घालताना माझ्या मनात आलं ते मात्र वेगळंच होतं. उत्तर बिनतोड आहे, पण मला पटलंय का? मी तो विचार झटकला. उद्या सभा आहे, परवा पटवून घेऊ, असं स्वतःला सांगितलं.

घाटाच्या पायऱ्यांवर इंदुमती भेटली. वडिलांची सनई सांभाळत बसली होती. ते खाली पाण्यात उभे राहून अर्घ्य देत होते.

"झाली तयारी?" तिनं विचारलं.

"झाली. तुझी?"

"माझी व्हायची काय? मला हरण्यासाठीच बसवलंय." ती हसली. मग एकाएकी गंभीर झाली. "एक सांगू वामन? मला सूट द्यायची नाही हां. तू मनानं मऊ आहेस. बिचारी पोर, तिचं शिक्षण जाईल, असलं काही मनात आणून गप्प बसलास, तर जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर मी रांगोळ्या काढीन. पण हरले तर खरी हरेन. दयेवर मिळालेली जागा मला नको. तिथे रोज मान खाली घालून बसावं लागेल."

खालून तिच्या वडिलांनी हाक मारली. ती सनई घेऊन उतरली. मी तिथेच बसून राहिलो. माझ्याजवळ असं उत्तर होतं की ज्यानं ती खरी हरली असती. तिला हवं होतं तसंच.

सभा संस्थानच्या सभामंडपात भरली. मधे उंच आसनावर अध्यक्ष म्हणून गुरुजी. त्यांच्या उजव्या हाताला विश्वस्त, पुढे हर्डीकर, मांडीवर फुलांचा हार तयार. तो माझ्यासाठी होता. समोर सगळे विद्यार्थी दाटीवाटीनं बसलेले, बाळू मुद्गल पहिल्या रांगेत. एका बाजूला मी आणि समोर इंदुमती. पडदा त्या दिवशी नव्हता, कारण वाद करणाऱ्यानं समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं असतं. इतकी वर्षं एका वर्गात शिकून मी तिला वाद करताना पहिल्यांदाच समोरून पाहत होतो.

गुरुजी म्हणाले तसंच झालं. आधी तिनं नेहमीचे मुद्दे मांडले. मी ते नेहमीच्या उत्तरांनी खोडले. विश्वस्त माना डोलवत होते. हर्डीकरांनी हार एकदा झटकून नीट केला. मग तिनं एक क्षण डोळे मिटले आणि बोलली. तिचं संस्कृत इतकं सोपं होतं की दारात उभ्या असलेल्या दौलूलाही बहुधा कळलं असेल.

ती म्हणाली, "शास्त्र मला मनाई करतं असं तुम्ही म्हणता. ठीक आहे. ती मनाई कोणासाठी आहे? माझ्यासाठी. मग ती पाळायची तर आधी मला समजायला हवी. जी मला समजलीच नाही ती मी पाळू कशी? आता मला सांगा, मनाईचं ते वाक्य शास्त्राच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर ते शास्त्राचं नव्हे, आणि मी ते का मानू? आत असेल, तर ते समजून घेण्यासाठी शास्त्रानंच मला आत बोलावलंय. मला बाहेर काढणाऱ्या वाक्यानंच मला आत घेतलं. आता मला बाहेर कशानं काढाल?"

ती नेमकी त्याच जागी येऊन उभी राहिली होती.

वादाची रीत अशी की सिद्धान्त राखणाऱ्यानं आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं परत म्हणायचं आणि मग ते खोडायचं. मी तिचं म्हणणं परत म्हटलं. माझा आवाज स्वच्छ लागला. मग उत्तर. ते जिभेवर तयार होतं. फक्त तोंड उघडायचं होतं.

आणि मला गुरुजींचा पहिला दिवस आठवला. न्यायशास्त्राच्या पहिल्याच धड्याला त्यांनी विचारलं होतं, "वाद आणि जल्प यांत फरक काय?" आम्हाला येत नव्हतं. ते म्हणाले होते, "जे स्वतःला पटलंय तेवढंच बोलून खरं काय ते शोधायचं, तो वाद. पटलेलं असो नसो, जिंकायचं म्हणून बोलायचं, तो जल्प. बाहेर जगात जल्प चालतो. या विद्यापीठात सभेला वादसभा म्हणतात. ज्याला पटलं नाही त्यानं इथे तोंड उघडू नये."

मी इंदुमतीकडे पाहिलं. मनात दया आहे का ते तपासलं. नव्हती. उलट मला तिचा जरा राग येत होता, की हिनं मला इथे आणून उभं केलं. पण तिचं म्हणणं मला खरं वाटत होतं आणि माझ्या जिभेवरचं उत्तर खरं वाटत नव्हतं. ते नुसतंच बळकट होतं.

इंदुमतीनं रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा आपलं म्हणणं मांडलं. मी गप्प. वडिलांचे गुडघे डोळ्यांसमोर आले. हर्डीकर पुढे झुकले.

तिसऱ्यांदा ती एकेक शब्द तोडून बोलली. ती माझ्याकडे रोखून बघत होती. तिला संशय आला होता. मी तेव्हाही काही बोललो नाही. तिसऱ्यांदा विचारूनही जो गप्प राहतो तो हरला, असा शास्त्राचा नियम आहे.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ते उत्तर मी विसरलो नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी सभेकडे तोंड केलं.

"अस्ति कश्चित्?" आहे का दुसरा कोणी?

सिद्धान्त राखणारा पडला तर सभेतला कोणीही उठून उत्तर देऊ शकतो. एरवी अशा वेळी आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची. बक्षीस असो नसो, तोंड घालायचं सोडायची नाहीत. बाळू मुद्गल तर झोपेतही वाद घालायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मांडीवर हात ठेवले होते आणि ओठ घट्ट मिटले होते. त्याच्या शेजारचाही तसाच. त्याच्या मागचाही.

"अस्ति कश्चित्?" गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं.

कडुनिंबाखाली एका क्रियापदावर जे एक होऊ शकले नव्हते ते सगळे गप्प बसले होते. गप्प बसायला एकवचन लागत नाही आणि बहुवचनही लागत नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं, हे बाळूनं मला पुढे शपथेवर सांगितलं. मी बोलत नाही हे पाहून त्यानं तोंड मिटलं आणि त्याला पाहून बाकीच्यांनी. मी उपरण्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

तिसऱ्यांदाही कोणी उठलं नाही. हर्डीकरांचा चेहरा लाल झाला होता.

"शास्त्रीबुवा, पोरांनी कट केलाय," ते मराठीतच बोलले. "तुम्ही द्या उत्तर. तुम्हाला येत नाही असं थोडंच आहे?"

"वकीलसाहेब," गुरुजी शांतपणे म्हणाले, "अध्यक्ष वादात उतरत नाही. तसा नियम आहे."

"नियम मोडा आजच्या दिवस."

"मी?" गुरुजींनी एवढंच विचारलं.

त्यावर कोण काय बोलणार? ज्या माणसानं उभ्या जन्मात एक मात्रा इकडची तिकडे केली नाही, त्याला हे सांगायचं? हर्डीकर खाली बसले. गुरुजी आसनावर ताठ झाले आणि त्यांनी निर्णय दिला, "पूर्वपक्षः तिष्ठति." पूर्वपक्ष उभा आहे. हार हर्डीकरांच्या मांडीवरच राहिला.

आज्ञेवर मोहोर उठली नाही. दसरा आला आणि गेला, गृहधर्माचा वर्ग काही निघाला नाही. माझा निकाल मात्र त्याच दुपारी लागला. हर्डीकरांनी बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "अध्यापकाच्या जागेचं विसरा. छात्रालयातली खोली उद्या मोकळी करा."

बाहेर आलो तर इंदुमती विहिरीजवळ वाट बघत होती. मोर्चाच्या दिवशी हसत होती तिथेच. आता हसत नव्हती.

"तुला उत्तर येत होतं," ती म्हणाली.

"येत होतं."

तिचे डोळे भरून आले. रागानं. "मी काय सांगितलं होतं तुला? घाटावर काय सांगितलं होतं?"

"ऐक. येत होतं, पण पटत नव्हतं. न पटलेलं बोललो असतो तर तो जल्प झाला असता. सभा वादाची होती."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलतोय की तिला बरं वाटावं म्हणून बोलतोय, हे ती तिच्या पद्धतीनं तपासत होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे मी जिंकले?"

"मला तरी जिंकलंस. बाकीच्यांचं त्यांना विचार."

"मग ते उत्तर सांग मला. मी ते खोडून दाखवते."

"सांगतो," मी म्हणालो. मनात खरंच सांगायचं होतं. "आधी गुरुजींना नमस्कार करून येतो."

पुढे इंदुमतीनं त्याच विद्यापीठात न्यायशास्त्र शिकवलं. पडदा तिनं पहिल्याच दिवशी काढायला लावला. मी सांगलीला एका शाळेत संस्कृत शिकवायला लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, नंतर बोलायला लागले. इंदुमती अजूनही भेटली की विचारते, काय होतं ते उत्तर? मी सांगत नाही. ती चिडते. मी का सांगत नाही ते कळायला त्या संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर काय झालं ते सांगायला हवं.

गुरुजी तसेच भिंतीला टेकून बसले होते. कालच्याच जागी. काकू दिसत नव्हत्या. मी नमस्कार करून बसलो.

"विसरला नव्हतास," ते म्हणाले.

"नाही. पण पटलं नव्हतं, गुरुजी. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं..."

"ठाऊक आहे मी काय सांगितलं होतं." मग म्हणाले, "तुझी जागा गेली."

"हो."

"मी उत्तर दिलं असतं तर सिद्धान्त राहिला असता. कदाचित तुझी जागाही राहिली असती."

"तुम्ही कसं देणार? अध्यक्ष वादात उतरत नाही. नियमच आहे."

गुरुजी हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, चोरून गूळ खाल्लेल्या पोरासारखं.

"कुठे आहे हा नियम?"

मी आठवू लागलो. सूत्र आठवेना, भाष्य आठवेना.

"नाही सापडायचा," ते म्हणाले. "उलट सिद्धान्त उघडा पडला तर अध्यक्षानं तो सावरावा, हीच रीत आहे. मी सांगितलं, आणि त्यांनी मानलं. मी खोटं सांगीन असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही." हसू मावळलं. "मलाही वाटलं नव्हतं, वामना. आसनावर बसेपर्यंत वाटलं नव्हतं."

त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लग्न होऊन ती आली तेव्हा फार विचारायची. मी शिष्यांना शिकवत असायचो, ही आतून ऐकायची आणि रात्री जेवताना विचारायची. हे असं का, ते तसं का. अशीच एकदा ती त्या जागी येऊन उभी राहिली. इंदुमती आज जिथे उभी राहिली ना, तिथेच. शब्द निराळे, जागा तीच. मी तरुण होतो. नव्यानं मिळालेलं उत्तर होतं. दिलं फेकून." ते थांबले. "त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. मीठ कमी आहे का, एवढंही विचारलं नाही. मला वाटलं, मी जिंकलो."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

"ते कोणाला शिकवू नकोस," गुरुजी म्हणाले. "खोडून काढण्यासाठी म्हणूनसुद्धा नको. माझ्यापर्यंत आलं, तुझ्यापर्यंत आलं. पुढे जायला नको."

मी त्यांच्या पायावर हात ठेवला आणि हो म्हणालो. एवढ्यात काकू दारात आल्या. हातात कालचंच सूप होतं. त्या उंबऱ्याशी बसल्या, तांदूळ पुढे ओढले आणि निवडू लागल्या. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाल्या, "वामना, ती गुरवांची पोर सभेत नेमकं काय म्हणाली रे?"

गुरुजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी मात्र काकूंकडे तोंड करून नीट बसलो आणि इंदुमतीचं म्हणणं पहिल्या शब्दापासून सांगितलं. मनाई कोणासाठी, ती समजायला हवी की नको, ते वाक्य आत की बाहेर, सगळं. काकूंचे हात हळूहळू थांबले. सांगून झालं तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मग?" त्यांनी विचारलं. "त्यावर काय उत्तर दिलं?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते.

"कोणी काही दिलं नाही, काकू," मी म्हणालो. "सगळे गप्प बसले. गुरुजीसुद्धा."